संमतीचं वय चौदा, सोळा की अठरा? एका फौजदारी वकिलाचं उत्तर

प्रश्न नागपूरच्याच एका ताईंचा आहे. त्यांचा वीस वर्षांचा भाचा शिकायला जर्मनीला चाललाय. तिथे संमतीचं वय, म्हणजे लैंगिक संबंधांना दिलेला होकार कायदा मानतो ते वय, चौदा आहे, असं घरात कुणीतरी म्हणालं. आपल्याकडे अठरा, आणि अमेरिकेत म्हणे राज्याराज्यात वेगळं. ताईंच्या आजीचं लग्न तेराव्या वर्षी लागलं होतं, तेव्हा कुणी पोलिसात गेलं नव्हतं. मग यातलं खरं वय कोणतं? आणि भारतात ते सोळावर येणार अशी बातमी ऐकली, ती खरी का?

ताई, शेवटचं आधी सांगतो. मी हे लिहितोय तोवर भारतात वय अठराच आहे आणि त्याखालच्या मुलीची किंवा मुलाची संमती कायद्याच्या लेखी संमतीच नाही. बाकीच्या प्रश्नाला वेळ लागेल, कारण नुसते आकडे शेजारी शेजारी ठेवून काही हाती लागत नाही. हा आकडा कुणाची अक्कल कधी पिकते ते सांगत नाही. कुणाला कुणापासून वाचवायचं, याचं त्या त्या वेळच्या सरकारनं दिलेलं ते उत्तर असतं. प्रश्न बदलला की आकडा बदलतो, आणि कधी कधी आकडा तोच राहून त्याच्या अटी बदलतात. सत्र न्यायालयात माझ्यासमोर येणारी बहुतेक भांडणं या अटींवरूनच होतात.

आजीपासून सुरुवात करू. १८६० च्या भारतीय दंड संहितेत हे वय दहा होतं. लग्नाच्या बायकोलाही दहा, बाहेरच्या मुलीलाही दहा. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्यानं केलेल्या संबंधांत दगावली. नवरा हरिमोहन मैती. मुलीनं दहा ओलांडलेलं असल्यामुळे त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा लागूच होईना. शेवटी जीव धोक्यात घालून जबर दुखापत केल्याबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. त्याच्या थोडं आधी मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजून गेला होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या बाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या तुरुंगाला तयार झाल्या, प्रकरण पुढे पैसे देऊन मिटलं, आणि रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन परतल्या. समाजसुधारक बेहरामजी मलबारींनी बालविवाहाविरुद्ध आधीपासून रान उठवलं होतंच. या सगळ्यातून १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला आणि दहाचे बारा झाले.

त्या बारावरून महाराष्ट्रात केवढं रण माजलं, ते आपण शाळेत वाचलेलं असतं, पण अर्धवट. आगरकर, रानडे, तेलंग, भांडारकर कायद्याच्या बाजूचे. भांडारकरांनी तर धर्मशास्त्रात कशाला मुभा आहे याचं स्वतंत्र टिपण लिहिलं. टिळक विरोधात. टिळकांना बालविवाह प्रिय होता असं समजून बरेच जण पुढे जातात. त्यांनी सुधारकांपुढे ठेवलेल्या प्रतिज्ञापत्रात मुलीचं लग्न सोळाच्या आत करायचं नाही असं कलम होतं. त्यांचा आक्षेप परक्या सरकारनं आपल्या घरात कायदा घुसवण्याला होता. पण फुलमणीसारख्या मुलीला त्या प्रतिज्ञापत्राचा काय उपयोग झाला असता, हा माझा प्रश्न शिल्लकच राहतो. कायदा झाला, तरी त्याखाली फारसे खटले भरले गेले नाहीत. घरातली गोष्ट, फिर्याद कोण देणार?

यापुढचा भाग आपल्या भागातल्या वकिलांनी घडवला आणि नागपुरात तो फार कमी जणांना ठाऊक आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. इथे वकिली केलेले आणि पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले हरिसिंग गौर मध्यवर्ती कायदेमंडळात होते. त्यांनी १९२४ च्या सुमारास विधेयक आणलं, की बारा पुरेसं नाही, चौदा करा, लग्नाच्या आत आणि बाहेर सारखंच. सभागृहाला लग्नाच्या आत चौदा पचेना. ते विधेयक पडलं. मग सरकारनं स्वतःचं आणलं, आणि १९२५ मध्ये तडजोड मंजूर झाली: बाहेर चौदा, बायको असेल तर तेरा. या तडजोडीनं कायद्यात पहिल्यांदा दोन वयं आली. १८६० मध्ये आणि १८९१ मध्ये वय कमी होतं खरं, पण बायकोसाठी वेगळं, खालचं माप नव्हतं. ते १९२५ नं आणलं आणि ते फार चिवट निघालं.

गौर थांबले नाहीत. त्यांनी पुन्हा विधेयक आणल्यावर सरकारनं १९२८ मध्ये चौकशी समिती नेमली आणि अध्यक्ष केलं अमरावतीचे वकील सर मोरोपंत जोशी यांना. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारात ते गृहसदस्य राहिलेले. समितीवर रामेश्वरी नेहरू होत्या. प्रांतोप्रांती फिरून डॉक्टर, शास्त्री, बायका, सगळ्यांच्या साक्षी नोंदवल्या. समितीचं काम चालू असतानाच लग्नाच्या वयाचा शारदा कायदा पुढे सरकत होता. तो १९२९ मध्ये मंजूर झाला, १ एप्रिल १९३० पासून लागू झाला, मुलीला चौदा आणि मुलाला अठरा. ताई, तुमच्या आजीचं लग्न त्यानंतरचं असेल तर ते कायद्याविरुद्ध होतं. लावणाऱ्याला शिक्षा होऊ शकत होती, पण लग्न मात्र वैध राहत होतं. म्हणूनच कुणी पोलिसात गेलं नसेल. त्याच काळात संस्थानांत आणखी निराळे आकडे होते. म्हैसूरनं १८९४ मध्ये आठ वर्षांखालच्या मुलींची लग्नं बंद केली होती, बडोद्यात सयाजीरावांनी १९०४ मध्ये मुलीला बारा आणि मुलाला सोळा असा नियम घातला. रेल्वेनं एक रात्र प्रवास केला की कायदा बदलायचा.

१९४० च्या दशकात संमतीचं वय सोळा झालं आणि बायकोसाठी पंधरा. १९७८ मध्ये लग्नाचं वय मुलीला अठरा, मुलाला एकवीस झालं. विसंगती बघा. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा, पण लागलंच तर पंधरा पूर्ण झालेल्या बायकोशी संबंध गुन्हा नाही. मणिपूरसाठी तर १९५० पासून वेगळीच दुरुस्ती होती, तिथे सोळाच्या जागी चौदा आणि पंधराच्या जागी तेरा. देश एक, दंड संहिता एक, आणि आकडे चार.

विदर्भातला दुसरा प्रसंग १९७२ चा. देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप. मुलीच्या नावानं हे प्रकरण ओळखलं जातं. मी ते नाव लिहीत नाही, कायद्याचं अहवालातलं नाव ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ एवढं पुरे. डॉक्टरांनी तिचं वय चौदा ते सोळा सांगितलं. सत्र न्यायाधीश म्हणाले, सोळाच्या खाली असल्याचं सिद्ध होत नाही. मग प्रश्न संमतीवर आला आणि आरोपी सुटले. आमच्या नागपूर खंडपीठानं १९७६ मध्ये ते फिरवलं: घाबरून गप्प राहणं वेगळं आणि संमती वेगळी. सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सुटका केली. त्यावर कायद्याच्या चार अध्यापकांनी न्यायालयाला उघडं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी बाईनं संमती नव्हती म्हटलं की न्यायालयानं तसंच धरून चालायचं, असं ठरलं. वयाचा आकडा तेव्हा तसाच राहिला. पण त्या मुलीचा जन्मदाखला असता तर संमतीचा प्रश्न कदाचित उभाच राहिला नसता, असं मला आजही फाइल वाचताना वाटतं. दाखल्यावर पुढे येतोच.

आता अठरा कुठून आलं? १४ नोव्हेंबर २०१२ ला पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, लागू झाला. मुलगा असो की मुलगी, अठराखालचं प्रत्येक जण बालक. मुलांवरच्या अत्याचाराला पहिल्यांदा नीट कायदा मिळाला, ही या कायद्याची मोठी बाजू. पण दंड संहितेत तेव्हा सोळाच होतं. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीचं मत सोळा ठेवावं असं होतं. मार्च २०१३ मध्ये मंत्रिमंडळानंही सोळाला मान्यता दिली, मग सर्वपक्षीय बैठकीत विरोध झाला आणि अठरा ठरलं. १९२५ पासूनचं बायकोचं वेगळं माप ११ ऑक्टोबर २०१७ ला ‘इंडिपेंडंट थॉट’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं काढून टाकलं. ब्याण्णव वर्षं टिकलं ते. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आता बायकोसाठी अठराच लिहिलंय.

परदेशाचं बघताना ताई, नुसता आकडा वाचू नका. जर्मनीत चौदा हे खरं आहे. पण पुढचं कुणी सांगत नाही. एकवीसवरच्या माणसानं सोळाखालच्या व्यक्तीच्या अपरिपक्वतेचा गैरफायदा घेतला तर तिथेही गुन्हा होतो. अठराखालच्या कुणाला पैसे दिले तर गुन्हा. शिक्षक, सांभाळ करणारा, यांना वेगळी आणि कडक कलमं. जपानचं उदाहरण तर मी ज्युनिअर वकिलांना मुद्दाम देतो. १९०७ पासून २०२३ पर्यंत तिथल्या राष्ट्रीय कायद्यात वय तेरा होतं आणि जगभर लोक त्यावरून तोंड वाकडं करायचे. पण तिथल्या प्रांतांचे स्वतःचे नियम अठरापर्यंतच्या मुलांना संरक्षण देत होते. जुलै २०२३ मध्ये त्यांनी राष्ट्रीय वय सोळा केलं, त्यातही तेरा ते पंधरा वयाच्या व्यक्तीच्या बाबतीत समोरचा पाच किंवा जास्त वर्षांनी मोठा असेल तरच ते कलम लागतं.

हा वयातल्या अंतराचा नियम बऱ्याच देशांत आहे आणि आपल्याकडे नेमका तोच नाही. कॅनडानं २००८ मध्ये चौदाचं सोळा केलं, पण चौदा-पंधरा वर्षांच्या व्यक्तीचा जोडीदार पाच वर्षांहून कमी अंतराचा असेल तर सूट ठेवली. अर्थात जोडीदार शिक्षक किंवा अधिकाराच्या जागी असेल तर सूट नाही. स्वित्झर्लंडमध्ये वय सोळा आणि अंतर तीन वर्षं. फ्रान्सनं २०२१ मध्ये पंधरा ठरवलं, अंतर पाच वर्षं, आणि घरातल्या नात्यात अठरा. फिलिपिन्समध्ये १९३० पासून बारा होतं, २०२२ मध्ये सोळा झालं. दक्षिण कोरियानं २०२० मध्ये तेराचं सोळा केलं, तेही समोरचा प्रौढ असेल तेव्हा. स्पेन २०१५ मध्ये तेरावरून सोळावर आला. ऑस्ट्रेलियात बहुतेक ठिकाणी सोळा, दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियात सतरा. आपला शेजारी नेपाळ आपल्यासारखा अठरावर, श्रीलंका सोळावर.

अमेरिकेचं ऐकलंत ते बरोबर. कॅलिफोर्नियात अठरा, न्यूयॉर्कमध्ये सतरा, कितीतरी राज्यांत सोळा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बऱ्याच राज्यांत दहा-बारा आणि डेलावेअरमध्ये चक्क सात होतं. ते वर नेलं ते बायकांच्या संघटनांनी. इंग्लंडमध्ये १८८५ ला तेराचं सोळा झालं, तेव्हा कारण लग्न नव्हतं, लंडनमधली मुलींची विक्री होती. डब्ल्यू. टी. स्टेड या संपादकानं ती उघडी पाडली, आणि त्या नादात स्वतः तीन महिने तुरुंगात गेला. म्हणजे बघा, कलकत्त्यात नवरा, लंडनमध्ये दलाल, २०१२ च्या भारतात घरातला किंवा ओळखीतला प्रौढ. ज्याच्यापासून वाचवायचं तो बदलत गेला.

आणि आज नागपूरच्या न्यायालयात यातलं काय येतं? दोन अगदी वेगळ्या तऱ्हेची प्रकरणं एकाच कायद्याखाली येतात. एका तऱ्हेत सात-आठ वर्षांचं लेकरू आणि शेजारचा काका. तिथे कायदा जितका कडक तितका बरा. दुसऱ्या तऱ्हेत सतरा वर्षांची मुलगी, वीस वर्षांचा पोरगा, दोघं पळून पुण्याला किंवा सुरतला गेले. बापानं आधी हरवल्याची आणि मग फूस लावून पळवल्याची तक्रार दिली. पोरगी सापडली, बाल कल्याण समितीपुढे नेली, मॅजिस्ट्रेटपुढे जबाब झाला. आम्ही अजून त्याला १६४ चा जबाबच म्हणतो, कलम आता १८३ झालंय. त्यात ती सांगते, मी माझ्या मर्जीनं गेले. कायद्याला त्या मर्जीशी देणंघेणं नाही. त्यात ती गरोदर असेल तर गुन्हा गंभीर प्रकारात जातो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा वीस वर्षं. न्यायाधीशाला त्याखाली जाता येत नाही. तो पोरगा स्वतः सतरा वर्षांचा असला तर बाल न्याय मंडळापुढे जातो, पण आरोपी तोच.

मला स्वतःला विचाराल तर आकडा खाली आणावा असं मी म्हणणार नाही. सोळा वर्षांच्या मुलीला चाळिशीतल्या माणसानं ‘तिची संमती होती’ म्हणून न्यायालयात उभं करावं, हे मी नको तितकं पाहिलंय. पण कमी अंतराची सूट नसणं मात्र आपल्या कायद्यातली उणीव आहे असं माझं मत आहे. उच्च न्यायालयातही हे बोललं गेलंय. जुलै २०२३ मध्ये मुंबईत न्या. भारती डांगरे यांनी एका निकालात इतर देशांची वयं मांडून आपण याकडे बघायला हवं असं नोंदवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विधी आयोगाच्या २८३ व्या अहवालानं वय बदलू नका असं सांगितलं, मात्र सोळा ते अठरामधल्या मर्जीच्या प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना थोडी मोकळीक द्या असं सुचवलं. ते कायद्यात उतरलेलं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात दोषी ठरलेल्या माणसाला शिक्षा न देण्यासाठी घटनेच्या कलम १४२ चा विशेष अधिकार वापरला. मुलगी तोवर त्याच्याच घरी लेकरासह राहत होती आणि त्याला सोडवायला धडपडत होती. पण तो त्या एका कुटुंबापुरता निकाल होता, सगळ्यांना लागू नाही. त्याच वर्षी न्यायालयाला मदत करणाऱ्या ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी सोळा ते अठरासाठी सूट मागितली आणि केंद्र सरकारनं विरोध केला. तुम्ही ऐकलेली बातमी बहुधा तीच.

आता कामाच्या गोष्टी. भाच्याला एवढं नक्की सांगा की भारतीय नागरिक परदेशात असला तरी आपली न्याय संहिता त्याच्या मागे जाते. तिथे चालणारी गोष्ट इथे गुन्हा असेल तर इथे खटला होऊ शकतो. त्यासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते आणि असं रोज घडत नाही, पण कायद्यात ते आहे. शिवाय शिकायला गेलेला मुलगा सुट्टीत फ्रान्स, स्वित्झर्लंड फिरणार. सीमा ओलांडली की नियम त्या देशाचा, सोबतच्या व्यक्तीच्या देशाचा नाही.

वय सिद्ध कसं होतं, हेही कळून घ्या. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मंडळाचं दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तेही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. नुसता टीसी पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलंय. आपल्याकडे पहिलीत नाव घालताना मास्तरांनी एक जूनची तारीख टाकलेली असते, आणि त्या अंदाजावर पुढे कुणाची वीस वर्षं अवलंबून राहतात. म्हणून मी अशिलाला पहिल्या दिवशी प्रवेशाच्या वेळची दाखल-खारीज नोंद काढायला पाठवतो आणि ती कशाच्या आधारे झाली ते विचारायला लावतो.

डॉक्टरांबद्दलही लोक विचारतात. अठराखालची मुलगी गर्भपातासाठी आली तर पोलिसांना कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पण मर्जीच्या संबंधातून गर्भ असेल आणि मुलीनं किंवा पालकानं विनंती केली तर तिचं नाव-पत्ता त्या कळवण्यात द्यावा लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ ला स्पष्ट केलंय. भीतीपोटी मुली भोंदूकडे जातात, त्यापेक्षा हे माहीत असलेलं बरं.

आणि उद्या कायदा बदललाच, तर जुन्या प्रकरणांचं काय? गुन्हा झाला की नाही हे घटनेच्या दिवशीच्या कायद्यानं ठरतं. नंतर कडक झालेली शिक्षा मागच्या घटनेला लावता येत नाही, राज्यघटनेच्या कलम २० चं ते संरक्षण आहे. कायदा सौम्य झाला तर त्याचा फायदा मागच्यांना द्यायचा का, ते बहुतेक वेळा त्या दुरुस्तीच्या शब्दांवर अवलंबून असतं. म्हणूनच जुनी फाइल उघडली की आधी घटनेची तारीख बघावी. नोव्हेंबर २०१२ च्या पहिल्या आठवड्यातली असेल तर वय सोळा, त्याच वर्षीच्या डिसेंबरमधली असेल तर दंड संहितेत सोळा पण पोक्सोखाली अठरा, आणि २०१३ च्या दुरुस्तीनंतरची असेल तर दोन्हीकडे अठरा.